रिकाम्या पेटीमागचं गाणं

भरती यायला अडीच तास उरले होते आणि आम्ही निम्मं अंतरही तोडलं नव्हतं. केझी ओल्या वाळूवरून चालत होती, कोरड्या वाळूवर पाऊल टाकत नव्हती. कोरडी वाळू त्या गोल्फवाल्या वसाहतीची. ओली वाळू कुणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची. असा कायदा आहे आणि लॅडसन बेटावरच्या शेंबड्या पोरालाही तो पाठ आहे. बेटाची दफनभूमी त्या वसाहतीच्या आत सापडली आहे. फाटकातून जायचं तर कचेरीतून पास काढावा लागतो, आणि कचेरी शनिवारी बंद. मेलेल्यांना शनिवार-रविवार नसतो, असं केझीने पहारेकऱ्याला सांगून पाहिलं. तो बेटावरचाच, तिच्या मावसबहिणीचा नातू. तो मान खाली घालून म्हणाला, मिस केझी, माझी नोकरी जाईल. मग तिने त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्याच्या कोटाचं सुटलेलं बटण लावून दिलं, आणि किनाऱ्याची वाट धरली.

तिला चालायला मनाई होती. मनाई करणारी मीच. मी मूळची इथली नाही, पण एकोणीस वर्षं या बेटावर परिचारिका म्हणून घरोघर जाऊन आजाऱ्यांना बघते, आणि शेवटची दोन वर्षं केझी माझ्या वहीत होती. तिचं हृदय थकलं होतं. पायांवर पाणी चढायचं. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि पुष्कळ वेळ तसाच राहायचा. अशा पायांनी किनाऱ्याच्या वळशाने सव्वातीन मैल जायचं आणि तेवढंच परत यायचं. मी रस्त्यात तीनदा म्हणाले, मिस केझी, परत फिरू या. तिसऱ्यांदा ती थांबली आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाली,

"बूट किती पांढरे आहेत तुझे. परत फिरलीस तर तसेच राहतील. जा."

मी तिच्यामागून चालत राहिले.

ती का निघाली होती ते मला ठाऊक होतं. गुरुवारी तिचा भाचा वेंडल घरी येऊन गेला होता. वेंडलचा धंदा मर्तिकाचा. बेटावर कुणी गेलं की शवपेटी, गाडी, फुलं, सगळं तोच बघतो. शिवाय जुन्या शाळेत त्याने कलाघर चालवलंय, तिथे टोपल्या विणणं, जाळी विणणं आणि प्रार्थनेचा फेर शिकवतात. माणूस वाईट नाही. मावशीवर त्याचा जीव आहे. तिच्या पलंगाशेजारी बसून त्याने सरळ विषय काढला, कारण बेटावर या गोष्टी चोरून बोलत नाहीत. पेटी कुठल्या लाकडाची, जागा तिच्या मुलीच्या, तमारच्या थडग्याशेजारची हे नक्की ना, असं सगळं विचारून झाल्यावर तो म्हणाला, "गाण्याची तर तू काळजीच करू नकोस, मावशी. तुझाच आवाज तुला नेईल. असं भाग्य कुणाला मिळतं?"

केझीने त्याला लाल भात वाढला. दुसऱ्या दिवशी मी तिचा रक्तदाब बघत होते, तेव्हा म्हणाली, मला उद्या तमारकडे जायचंय. तिच्या मनात एकच होतं: आपल्या पेटीमागे यंत्रात भरलेलं ते आपलंच गाणं लागू नये. पण ते वेंडलला कसं सांगावं, आणि सांगितलं तर कारण काय द्यावं, हे तिला उमजत नव्हतं. ते कारण तिने तीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

मला ते त्या वाळूवर सांगितलं. थांबत, दम घेत, कधी मागचं आधी. मी ते इथे ओळीने लावते.

केझाया मिडलटन या बेटावरच जन्मली, बेटाला पूल नव्हता तेव्हा. बाप कालवं काढायचा, आई कालवं फोडायची, आणि केझी सातव्या वर्षापासून आईशेजारी लाकडी ठोकळ्यावर उभी राहून कालवं फोडायची. तिच्या दोन्ही तळहातांवर शेवटपर्यंत पांढरे व्रण होते. फोडणाऱ्या बायका दिवसभर गायच्या. एक बाई ओळ उचलायची, बाकीच्या झील धरायच्या. कामाची गाणी वेगळी, प्रार्थनाघरातली वेगळी. प्रार्थनाघरात बुधवारी आणि रविवारी बाकं भिंतीला लावून गोल फेर धरायचा. पाय उचलायचा नाही, पायावर पाय येऊ द्यायचा नाही, कारण पाय ओलांडला की तो नाच झाला, प्रार्थना राहिली नाही. आणि या सगळ्यांहून वेगळं एक गाणं होतं. ते माणूस न्यायचं गाणं.

हे गाणं फक्त पेटी खांद्यावर असताना म्हणायचं. प्रार्थनाघराच्या दारातून पेटी निघाली की सुरू, खड्ड्यापाशी टेकली की बंद. एरवी गुणगुणायचंसुद्धा नाही. त्याची तालीम नाही, शिकवणी नाही. पेटीमागे चालून झील धरता धरताच ते यायचं. आपल्याकडे तिरडीपुढचं रामनाम कुणी सकाळी घर झाडताना म्हणत नाही, तसंच हे. आणि ते उचलायचा अधिकार एका वेळी एकाकडेच. गाणं धरलेला माणूस जिवंत आहे आणि हजर आहे तोवर दुसरा कुणी ते उचलत नाही. केझीच्या आत्याने मरताना तिचा हात हातात घेऊन ते तिला दिलं. केझी तेव्हा एकतीस वर्षांची होती. पहिलं गाणं तिने आत्यालाच म्हटलं.

त्याच वर्षी तिचा नवरा इश्माएल ब्रुकलिनला गेला. कालवांचा कारखाना बंद पडला होता, आणि अर्धं बेट बसमध्ये बसून उत्तरेला चाललं होतं. तो आधी एका खानावळीत भांडी घासायचा, मग गोदीत लागला. ब्रुकलिनमध्ये लॅडसन बेटाच्या लोकांनी एका बंद पडलेल्या धोबीखान्यात प्रार्थनेची जागा केली होती. भिंतीतून नळाची तोंडं बाहेर आलेली, आणि त्यांच्यामधे हे लोक फेर धरायचे. खाली राहणारी माणसं छतावर काठी ठोकायची, म्हणून बूट काढून. इश्माएल वर्षातून एकदा यायचा, कधी तेही नाही. त्याची आई गेली तेव्हा हिमवादळाने बस बंद होत्या. तो पोचला नाही. केझीने सासूला गाण्याने नेलं, आणि नवऱ्याला पत्रात कळवलं की सगळं रीतीने झालं.

पुढे काही वर्षांनी अॅडेल नावाची एक बाई त्या धोबीखान्यात गेली. ती माहितीपट काढायची. तिचे आईबाप पोलंडहून आलेले, आपली भाषा विसरत मेलेले. म्हणून गाव सोडून आलेली माणसं आपल्याबरोबर काय आणतात, हे तिला टिपायचं होतं. इश्माएलने तिला सगळं दाखवलं आणि म्हणाला, इथे जे आहे ते अर्धंच आहे, बाकीचं बघायचं तर माझ्या बायकोकडे जा. तिच्या हाती त्याने केझीसाठी चिठ्ठीही दिली.

ती चिठ्ठी केझीला पाठ होती. चालता चालता तिने मला म्हणून दाखवली. "ही बाई चांगली आहे. तिला भात खाऊ घाल. आणि केझ, तिच्या यंत्रापुढे न्यायचं गाणं म्हण. आईला कशी नेलीस ते मी ऐकलं नाही. इथे फिल्म दाखवतील तेव्हा मी ऐकेन."

"मी काय करायला हवं होतं?" केझी म्हणाली. ती मला विचारत नव्हती.

अॅडेल आणि तिच्याबरोबरचे दोघे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात बेटावर तीन आठवडे राहिले. केझीच्याच घरी. अॅडेलला कालवं फोडता येईनात, तिचा अंगठा कापला, आणि केझीची मुलगी तमार तिला हसून हसून लोळली. तमार तेव्हा तेरा वर्षांची. एकुलती. तिला सगळ्याची घाई. जेवायची, पळायची, बोलायची. झील धरतानासुद्धा सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी सुरू व्हायची आणि मग मोठ्या बायकांची कोपरं खायची.

गाण्याची गोष्ट निघाली तेव्हा डीकन क्वॉश नको म्हणाले. ते प्रार्थनाघराचे वडीलधारे, सत्तरीतले. त्यांनी तावातावाने काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "केझाया, रिकाम्या पेटीला चालवलंस तर तिला भूक लागते."

केझीने चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून परत दिली आणि म्हणाले, मी त्या दिवशी जाळं टाकायला जाईन. म्हणजे मी बघणार नाही, पण अडवणारही नाही.

पेटी सुताराकडून मागून आणली. चार पुरुष तयार झाले. ते प्रार्थनाघराच्या दारातून निघाले आणि अॅडेल थांबा म्हणाली. पेटी रिकामी, त्यामुळे चौघांची पावलं हलकी पडत होती, बाजाराला निघाल्यासारखी. सगळे हसले. त्यावर, पेटीत कालवांचे शिंपले भरा, वजन येईल, हे सुचवणारी केझीच. बायकांनी टोपल्या टोपल्या शिंपले ओतले. चौघांनी पेटी पुन्हा उचलली, खांदे वाकले, पावलं बरोबर पडू लागली, आणि केझीने डोळे मिटून सासूचा चेहरा समोर आणला आणि गाणं उचललं.

"इतकं चांगलं मी ते कधीच म्हटलं नव्हतं," ती मला म्हणाली. "खरं माणूस पेटीत असलं की रडू येतं, आवाज चिरतो. त्या दिवशी रडू नव्हतं ना."

अकराव्या दिवशी तमारचं पोट दुखायला लागलं.

फिल्मवाले तोवर निघून गेले होते. आधी वाटलं, कच्चं काही खाल्लं असेल. केझीने तिला मुळीचा काढा दिला, पोटावर गरम विटेचा शेक दिला. दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि पोट लाकडासारखं झालं. पलीकडच्या गावात दवाखाना होता, पण धुकं पडलं होतं. नोव्हेंबरातलं धुकं, धक्क्यावर उभं राहिलं तर आपली बोट दिसत नाही. दोन दिवस एकही बोट सुटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जरा मोकळं झालं, तमारला घोंगडीत गुंडाळून बोटीत ठेवलं, आणि खाडीच्या मधोमध तिने आईला विचारलं की आपण पोचलो का. केझी म्हणाली, पोचलोच. पोचायच्या आत ती गेली. पुढे सात वर्षांनी पूल झाला. तो गोल्फवाल्यांसाठी.

मी परिचारिका आहे. मी तिला सांगितलं, जे कुणीही सांगितलं असतं: ते आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स होतं, आत फुटलं होतं, त्याचा गाण्याशी संबंध नाही.

"मला माहीत आहे," केझी म्हणाली. "मी तीन डॉक्टरांना विचारलंय. चौथी तू. तुमचं खरं आहे. डीकनचंही खरं आहे. दोन्ही खरं असलं तर तू काय करशील?"

मी मनातल्या मनात रामाचं नाव घेत होते, तेच घेत राहिले.

तमारची पेटी प्रार्थनाघराच्या दाराशी आली. चार माणसांनी ती खांद्यावर घेतली. त्यातले तिघे तेच, शिंपल्यांची पेटी उचललेले. मागे सगळं बेट उभं. आईने म्हणायचं नाही असा काही नियम नव्हता. गाणं केझीकडे होतं, केझी हजर होती, तेव्हा उचलायचं केझीनेच. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. नुसता श्वास. तिने पुन्हा तोंड उघडलं. समोर तोच दरवाजा, तीच माणसं, आणि तिला ऐकू येत होते पेटीत घसरणारे शिंपले. तिची दातखीळ बसली. लोक थांबले. कुणी सुरुवात करेना, करूच शकत नव्हतं कुणी. वाट बघता बघता पेटीखालच्या पुरुषांनी खांदे बदलले. मग आणखी एकदा बदलले. डीकन क्वॉश तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसलं नाही. शेवटी त्यांनी पुढच्या माणसाच्या पाठीला हात लावला आणि पेटी निघाली. दफनभूमीपर्यंत मैलभर शिंपल्यांचा रस्ता. त्या रस्त्यावर साठ-सत्तर माणसांच्या बुटांचा करकर आवाज, बाकी काही नाही. बेटाच्या आठवणीत गाण्याशिवाय गेलेली ती पहिली.

इश्माएल दोन दिवसांनी बसने आला. थडग्यापाशी उभा राहिला, चार दिवस राहिला, परत गेला. चिठ्ठीबद्दल तो काही बोलला नाही आणि तीही बोलली नाही. पुढे पत्रं कमी झाली, मग थांबली. तो तिकडेच वारला. तिकडेच त्याला पुरलं.

हे ऐकत ऐकत आम्ही दफनभूमीपाशी पोचलो. किनाऱ्यावरून वर चढायला वाळूची घसरण आहे. केझी तिथे चार पायांवर चढली, आणि मी मागून तिच्या कमरेला हात दिला. ओकची झाडं, त्यांच्यावरचं लोंबतं करडं शेवाळ, आणि झाडांपलीकडे लगेच कातरलेलं हिरवं गवत; कुणीतरी चेंडू मारतंय, कुणीतरी हसतंय. थडग्यांवर बेटावरच्या लोकांनी मेलेल्याची शेवटची वापरलेली भांडी ठेवलेली असतात. कप, चमचे, औषधाच्या बाटल्या, काचेचा दिवा. सगळं मुद्दाम थोडं फोडून ठेवलेलं. मागे वसाहतीने ठेवलेल्या नव्या साफसफाईवाल्यांनी तो कचरा समजून भरून नेला होता. गवत कापणारा एक मेक्सिकन माणूस होता, त्याने ते पोत्यातून काढून परत आणून मांडलं. कुठला कप कुणाचा हे त्याला कळणार नव्हतं, तरी मांडलं. तो त्या दिवशीही लांबून दिसला. केझीला बघून त्याने टोपी काढली आणि गवत कापायचं यंत्र बंद करून दुसरीकडे निघून गेला.

तमारच्या थडग्यावर शेजारच्या थडग्यातल्या पॅरिस काकांचा चहाचा कप होता. केझीने तो त्यांचा त्यांना दिला. गोल्फचे तीन चेंडू सापडले, ते उचलून तिने एकेक करून हिरव्या गवतात फेकले. फेक चांगली होती. मग ती खाली बसली, आणि बसतानाच मला कळलं की उठवायला फार त्रास होणार आहे.

मी तिथे एक मूर्खपणा केला. मी म्हणाले, मिस केझी, आता म्हणा. इथे कुणी नाही. मला जमेल तशी मी झील धरते.

ती माझ्याकडे बघून हसली. तुच्छतेने नाही, लहान पोर चंद्र मागतं तेव्हा आपण हसतो तसं.

"ते वाटेतलं गाणं आहे, पोरी. पोचलेल्याला कुणी वाट दाखवतं का? ती तीस वर्षांपूर्वी पोचली. मुकी पोचली. दारात जे दिलं नाही ते मागून पाठवता येत नाही."

त्यानंतर तिने अॅडेलच्या पत्राची गोष्ट सांगितली, आणि सगळ्यात जड गोष्ट हीच होती.

तमार गेल्याचं अॅडेलला इश्माएलकडून कळलं. तिने केझीला पत्र पाठवलं. फिल्म अजून जोडली नव्हती. अॅडेलने विचारलं होतं, ते गाणं काढून टाकू का? तुम्ही म्हणाल तर जाळून टाकते. केझीने ते पत्र आठ दिवस उशाखाली ठेवलं. डीकनना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते ते तिला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. नवव्या दिवशी तिने उत्तर पाठवलं. दोन शब्द: राहू दे.

"का?" मी विचारलं.

"तमार आहे ना त्यात."

फिल्ममध्ये पेटीमागे चालणाऱ्या बायकांत तमार आहे. निळा झगा, डाव्या पायातल्या बुटाची पट्टी सुटलेली. केझी ओळ उचलते: दार लोटू नका, आम्ही माणूस घेऊन येतोय. आणि बायका झील धरतात: आणतोय, आणतोय. त्या झिलीत सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी एक पोरीचा आवाज येतो. एकदा ओळखला की मग दुसरं काही ऐकू येत नाही. मीही ती फिल्म कलाघरात कितीदा बघितली होती. मला वाटायचं, कुणी कच्ची गाणारी असेल.

तमार गेल्यावर केझीने गाणं डीकन क्वॉशच्या हाती दिलं. पुन्हा कधी उचललं नाही. ते गेले त्यांच्या ब्याण्णवाव्या वर्षी, आणि गाणं त्यांच्याकडून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. तरुण माणसं अटलांटाला, सव्हानाला. पुढची काही वर्षं बेटावरची माणसं पाद्र्याच्या पुस्तकातल्या भजनांवर गेली. मग वेंडलची आई, म्हणजे केझीची धाकटी बहीण वारली, आणि वेंडलने त्या फिल्ममधलं गाणं एका वाजवायच्या यंत्रात भरून आणलं. प्रार्थनाघराच्या दारात पेटी खांद्यावर चढली, त्याने बटण दाबलं, आणि सदतीस वर्षांची केझी गायला लागली. सगळे वळून केझीकडे बघायला लागले. कौतुकाने. एका बाईने तिचा हात दाबला. केझीने मान हलवली आणि चालायला लागली, कारण बहिणीच्या पेटीमागे चालायलाच हवं. तेव्हापासून बेटावर जे कोणी गेलं ते त्या आवाजाने गेलं. बाहेरगावची माणसंसुद्धा आता वेंडलकडे तेच मागतात.

"त्रेपन्न," केझी म्हणाली. "त्रेपन्न माणसं शिंपल्यांच्या गाण्यावर गेली. मी कुणाला सांगू? माझ्याच हाताने लिहिलं, राहू दे."

मी म्हणाले, वेंडलला सांगा. तो ऐकेल. तो तुमचाच आहे.

"तो ऐकेल. मग रडेल. मग सगळ्या घरांना वाटेल की आपली माणसं अपुरी गेली. पॅरिस काकाची मुलगी येऊन मला विचारेल, माझ्या बापाचं काय? तिला काय सांगू? झालं ते झालं. ज्यांना त्या गाण्याने बरं वाटलं त्यांना वाटू दे."

पाणी चढायला लागलं होतं. मी तिला उठवलं. उठताना ती तमारच्या दगडाला धरून उभी राहिली, आणि तिचा श्वास ताळ्यावर येईपर्यंत मी तिला धरून उभी राहिले. परतीच्या वाटेवर ओली वाळू अरुंद झाली होती. लाटा बुटांवरून जात होत्या. तिने चार-पाचदा थांबून दम घेतला, आणि एका पडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी आल्यावर म्हणाली, बसते. मी घड्याळ बघितलं. ती म्हणाली, बघू नकोस, बुडालो तर दोघी बुडू.

तिचे ओठ निळसर झाले होते. मी नाडी धरली, ती तिने धरू दिली, आणि माझा हात तसाच आपल्या मांडीवर दाबून ठेवला.

"तू आमच्यातली नाहीस," ती म्हणाली, "म्हणून तुला सांगते. आमच्यातल्या कुणाला सांगितलं तर त्याला कारण द्यावं लागेल. तुला लोक फार तर म्हणतील, परकी बाई, तिला रीत कळत नाही. तेवढं सोस."

मी म्हणाले, सांगा.

"वेंडल ते यंत्र प्रार्थनाघराच्या पायरीवर ठेवतो, दाराच्या डाव्या अंगाला. मला खांद्यावर घेतलं की तू तिथे जाऊन उभी राहा. आधी नको, आधी गेलीस तर तो विचारेल. त्याने हात पुढे केला की तू त्याचा हात धर. भांडू नकोस. काही सांगू नकोस. नुसता धरून ठेव, पेटी वळणापलीकडे जाईपर्यंत. लोक थांबतील, कुजबुजतील. खांदे बदलतील. बदलू देत."

एक लाट बुंध्याखालून गेली. केझीने पाय वर घेतले नाहीत.

"तिला तेरा वर्षांची असल्यापासून चालवताहेत गं. कुणीही मेलं की पुन्हा झगा घालायचा आणि पेटीमागे चालायचं, आणि पुढे धावली म्हणून कोपर खायचं. माझ्यामागे तिला चालवू नका. माझ्यामागे फक्त बूट वाजू देत. एवढं कर माझ्यासाठी. धरशील ना त्याचा हात?"